वाणात दिलेला बोंबल्या

पांढरबोडीच्या रंजीतासारखी भित्री बाई अख्ख्या सिंदेवाही तालुक्यात शोधून सापडायची नाही. आणि तरीही परदेशातून माल मागवून तो घरबसल्या देशभर विकायचा उद्योग गावात पहिल्यांदा कोणी केला असेल तर तिनंच. हे दोन्ही एका अंगात कसं मावलं, असं कोणी विचारलं की तिचा नवरा मिथुन सांगतो, "भेव वाटते म्हनूनच तं ते एक गोष्ट दहा डाव पाह्यते." मिथुन ढिवराचा पोरगा. पहाटे तलावात जाळं टाकायचं, दिवस वर आला की मासोळ्या घेऊन परतायचं. पाण्याला तो भीत नाही आणि बाकी कशाचा फारसा विचार करत नाही.

लग्नाआधी रंजीता सिंदेवाहीत एका कॉम्प्युटरच्या दुकानात लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून द्यायची. शेवटचं बटण दाबायच्या आधी ती सगळा फॉर्म पुन्हा एकदा वाचायची, मग समोरच्याला वाचून दाखवायची, मग पुन्हा स्वतः वाचायची. मागे रांगेतली माणसं कावायची, पण तिच्या हातून गेलेला फॉर्म कधी परत आला नाही. पांढरबोडीला नांदायला आल्यावर तो कामधंदा सुटला. मग दुपारी रिकामपणी मोबाईल पाहता पाहता तिच्या डोक्यात आलं, की माल मागवावा आणि विकावा. सहा महिने तिनं नुसतं वाचलं. आयातीचा कोड स्वतःच्या नावावर काढला, जीएसटीचा नंबर घेतला, कस्टममधून माल सोडवून देणारा मुंबईचा एक एजंट गाठला.

माल कोणता आणावा यावर मात्र तिला फार विचार करावा लागला नाही. मनगटात अडकवायचा, अंड्याएवढा, प्लास्टिकचा अलार्म. पिन ओढली की कानठळ्या बसतील असा किंचाळतो आणि पिन परत घातल्याशिवाय थांबत नाही. शहरात एकट्यादुकट्या राहणाऱ्या पोरींसाठी ती वस्तू होती. भित्र्या बाईनं भिणाऱ्यांसाठीच माल निवडला, यात नवल ते काय?

चीनमधला विकणारा भाषांतराच्या ॲपमधून लिहायचा, "प्रिय मैत्रीण, काळजी नको." ते वाचलं की हिची काळजी दुप्पट व्हायची. आगाऊ पैसे पाठवले त्या दिवशी तिच्या घशाखाली घास उतरला नाही. माल बंदरात तेरा दिवस अडकून पडला, तेव्हा ती रोज एजंटला फोन करायची आणि त्यानं उचलला की काय विचारायचं तेच विसरायची. सासू प्रेमिला ओसरीत मासोळ्या साफ करता करता म्हणायची, "काय वो रंजीता, डब्बेच तं आहेत. तू तं अशी करते जशी घरची पोट्टी बाजारात हरपली." प्रेमिलाचं आणि सुनेचं तसं बरं जमायचं. ती विधवा बाई, सारं आयुष्य तलाव, धानाची रोवणी आणि जंगल यांत गेलेलं, पण सुनेनं मोबाईलवर काय काय केलं हे ती गल्लीभर सांगत फिरायची.

शेवटी खोकी आली. पाचशे अलार्म. रंजीतानं एकेक काढून वाजवून पाहिला, आणि त्या दोन दिवसांत गल्लीतली कुत्री गाव सोडून शेतात राहायला गेली. सगळे वाजले. तीस-चाळिसांच्या कवचांवर मात्र ओरखडे होते. असला माल ऑनलाइन विकला तर गिऱ्हाईक परत पाठवतं, म्हणून ते तिनं बाजूला ठेवले. बाकीच्यांचे फोटो काढले, माहिती लिहिली आणि वर एक ओळ टाकली, जी तिला दोन दिवस खपून सुचली होती: "आता ओरडायची गरज नाही. फक्त पिन ओढा." त्या ओळीचा तिला फार अभिमान होता. माल खपायला लागला तेव्हा तिला वाटलं, ही त्या ओळीचीच करामत.

जानेवारीत संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. पांढरबोडीत वाण म्हणून कोणी प्लास्टिकची डबी देतं, कोणी चहाची गाळणी. रंजीतानं त्या वर्षी गल्लीतल्या चौदा बायकांना ओरखडलेले अलार्म वाटले. हळदीकुंकू लावलं, तिळाचा लाडू दिला आणि एकीच्या मनगटात अलार्म अडकवून पिन ओढून दाखवली. बायका किंचाळल्या, मग पोट धरधरून हसल्या. शेजारच्या हर्षानं तिथल्या तिथे त्याचं बारसं केलं, "बोंबल्या."

"चैतात मोहा वेचाले जाल न, तवा हातात ठेवा," रंजीता म्हणाली. आणि मग तिला ती ओळ आठवली. इतक्या बायका ऐकत होत्या, तिचीही जीभ जरा सैल सुटली होती. "आता जंगलात वरडायची गरज नाई. फक्त पिन ओढायची."

गल्लीतली सगळ्यात म्हातारी रुखमाबाई बोंबल्या कानाशी हलवून पाहत होती. ती म्हणाली, "आन् हे मेलं तं?"

सगळ्या पुन्हा हसल्या. रंजीताही हसली. पुढे कितीतरी दिवस तिला ते हसणंच आठवत राहिलं.

इथं मोहाचं सांगायला हवं. चैत्र लागला की मोहाची फुलं पहाटे टपटप गळतात आणि बायका झुंजुमुंजू व्हायच्या आत टोपल्या घेऊन जंगलात जातात. ज्याचं त्याचं झाड ठरलेलं असतं, त्यामुळे सोबत गेल्या तरी तिथे पांगतात. वेचणारी बाई तासन्‌तास वाकलेली असते, आणि वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही. आदल्या वर्षीच शेजारच्या गावातली एक जण परत आली नव्हती. म्हणून पांढरबोडीच्या बायकांची जुनी रीत होती. थोड्या थोड्या वेळानं कोणीतरी एकीनं "होऽऽ" अशी हाळी द्यायची आणि बाकीच्यांनी आपापल्या झाडाखालून एकेक करून "होऽऽ" म्हणायचं. आवाज ओळखीचे, आकडा ठाऊक. एखादी "हो" कमी पडली की सगळ्या टोपल्या टाकून एकत्र व्हायच्या आणि आरडाओरडा करत तिच्या झाडाकडे निघायच्या.

हळदीकुंकवानंतर रंजीता आपल्या पार्सलांत बुडाली. माघ-फाल्गुनात अधूनमधून गावात बोंबल्या किंचाळायचा. कधी या घरी, कधी त्या घरी, दिवसातून दहादहा वेळा. टेप लावता लावता ती ऐकायची आणि मनात सुखावायची, की आपला माल वाजतोय. पोरं खेळत असतील, यापलीकडे तिनं विचार केला नाही. एरवी दहा वेळा पाहणारी बाई इथं एकदाही उठून पाहायला गेली नाही.

चैत्रातली ती सकाळ. साडेसहा वाजले असतील, ऊन नुकतंच कौलांवर आलं होतं. प्रेमिला पहाटेच गल्लीतल्या सहा जणींबरोबर मोहाला गेली होती, मिथुन गल्लीतल्याच लहानूबरोबर तलावावर होता. रंजीता ओसरीत पुण्याच्या एका पार्सलावर पत्ता चिकटवत होती, तेवढ्यात रुखमाबाई गुडघे धरत आली. गुडघ्यांमुळे तिचं जंगल यंदा सुटलं होतं. तिनं बोंबल्या रंजीतापुढे ठेवला.

"हे पाय वो. दोन दिस उन्हात ठेवला, तरी बोंबलत नाई."

"उन्हात?" रंजीतानं विचारलं. "उन्हात कायले ठेवला, बाई?"

"म्हंजे? सोलरचाच आहे न तो?"

रंजीतानं पिन ओढली. आतून रातकिड्यासारखं काहीतरी किरकिरलं आणि विझलं.

मग रुखमाबाईनं जे सांगितलं ते तिनं उभ्या उभ्याच ऐकलं. संक्रांतीनंतर गावात वांदरं फार झाली होती. कौलं फोडायची, वाळत घातलेली सुकट आणि वड्या पळवायची. बायकांना वांदरांवर बोंबल्या फार कामाचा वाटला. आठ दिवस वांदरं पळाली, मग सरावली, मग बायका जास्त वेळ वाजवायला लागल्या. आवाज बसत चालला तेव्हा कोणीतरी म्हणालं, ऊन लागलं नाही म्हणून बसला. शासनाच्या योजनेत मिळालेला सोलरचा कंदील घरोघरी होता, तो उन्हात ठेवला की पुन्हा पेटायचा. तसंच हेही असेल. तेव्हापासून गल्लीभर बायका आपापला बोंबल्या सुपात घालून उन्हात ठेवत होत्या.

"समदेच असे झाले का?" रंजीतानं विचारलं.

"समदेच. तुह्या सासूचा तं होळीपासून गप आहे. कालबी दिसभर उन्हात ठेवला होता तिनं."

"मंग जंगलात काऊन नेतात?"

"हातात असला का धीर असते न बाप्पा."

आत तीन बटणसेल असतात आणि एकूण चाळीस मिनिटं वाजल्यावर ते संपतात, हे तिनं चिनी कागदावर वाचलं होतं. गिऱ्हाइकांसाठी तिनं ते मालाच्या माहितीत व्यवस्थित लिहिलंही होतं. चौदा बायकांना वाण देताना मात्र ते तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. तरी एक आशा होती. तिनं रुखमाबाईचा हात धरला. "पन हाका तं देतात न बाया? होऽऽ करतात न?"

रुखमाबाईनं तिच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, म्हातारीला नुसतं आश्चर्य वाटलं होतं.

"हाका कोन देते आता? तूच तं म्हनली, वरडायची गरज नाई."

रंजीतानं मिथुनला फोन लावला. काय बोलली ते तिला आठवत नाही. मिथुन मात्र एवढंच म्हणाला, "मी लहानूले घेऊन निघालो. मी येतपर्यंत जंगलात पाय टाकू नको." तिनं पार्सलांच्या ढिगातून पाच नवे अलार्म उचलले आणि स्कूटी काढली. जंगलाच्या कडेपर्यंत दोन किलोमीटर कच्चा रस्ता आहे. त्या दोन किलोमीटरांत तिनं स्वतःला जेवढ्या शिव्या दिल्या तेवढ्या तिला आयुष्यात दुसऱ्या कोणी दिल्या नसतील.

वनखात्याच्या हद्दीच्या दगडापाशी ती थांबली. दरवर्षी या दगडापाशी आलं की आतून हाळ्या ऐकू यायच्या. एक इकडून, एक तिकडून, मधेच कोणाचं तरी हसणं. त्या दिवशी आत काहीच नव्हतं. मोहाचा उग्र गोड वास होता, वाळला पाचोळा होता, आणि कुठंतरी लांब नाल्याच्या अंगाला एक वांदर झाडावरून खाकरत होतं. ते खाकरणं कशाचं असतं हे पांढरबोडीत शेंबड्या पोरालाही कळतं. वाघ दिसल्याशिवाय वांदर तसं खाकरत नाही.

तिनं पहिल्यांदा जे केलं ते अर्थात माल विकणाऱ्या बाईसारखंच केलं. नवा अलार्म काढला आणि पिन ओढली. तो असा किंचाळला की तिच्याच कानात दडे बसले. दोन मिनिटं तिनं तो हात उंच करून धरला. पिन परत घातली आणि कान दिला. आतून कोणी उत्तर दिलं नाही. पुन्हा पिन ओढली, पुन्हा थांबली. काही नाही. हर्षानं नंतर सांगितलं, "आमाले आयकू आला होता. आमाले वाटलं, कोनी वांदरं हाकलून राह्यलं." दोन महिने तो आवाज ऐकून ऐकून वांदरं सरावली तशा बायकाही सरावल्या होत्या.

तेव्हा रंजीतानं तोंड उघडलं. पहिल्यांदा नुसती हवा बाहेर आली. लग्न होऊन आल्यावर पहिल्या वर्षी ती सासूबरोबर मोहाला गेली होती, त्यानंतर तिनं कधी हाळी दिली नव्हती. दुसऱ्यांदा आवाज फुटला, पण फाटका. तिसऱ्यांदा तिनं पोटातून जोर लावला, "होऽऽ!"

आतून फक्त वांदर खाकरत होतं.

मग उजवीकडून, फार लांब नाही, आवाज आला, "होऽऽ." हर्षा. तिच्या मागोमाग नंदिनी. मग लहानूची बायको. मग डावीकडून दोन, एकापाठोपाठ, बहिणी बहिणींचे. मग बऱ्याच वेळानं एक बारीक आवाज, लहानूच्या वहिनीचा. रंजीता बोटं दुमडत मोजत होती. सहा झाले आणि सातवं बोट दुमडायचं राहिलं. सातवी प्रेमिला. तिचं झाड सगळ्यात लांब, नाल्याच्या काठावर.

रंजीतानं पुन्हा हाळी दिली. आता सहा जणींनी मिळून दिली. जुनी रीत घशात कुठंतरी शिल्लक होती. टोपल्या टाकून, आरडत, बायका दगडाकडे सरकत आल्या. तेवढ्यात मोटारसायकल आली. मिथुन आणि लहानू काठ्या घेऊन उतरले. मिथुननं बायकांकडे एकदा पाहिलं, आई त्यांत नाही हे त्याला कळलं, आणि जो माणूस कशाचा विचार करत नाही त्याचा चेहरा रंजीताला पाहवेना.

नऊ जण एकमेकांना चिकटून, झाडांवर काठ्या आपटत, ओरडत नाल्याकडे निघाले. ती वाट दहा मिनिटांची आहे. रंजीताला त्या दहा मिनिटांतलं एकच आठवतं, की आपल्या मनगटात नवाकोरा अलार्म लटकतोय आणि तो उगाच हाडावर आपटतोय. आपण काय पाहायला चाललो आहोत, हे तिच्या डोळ्यांपुढे शंभरदा येऊन गेलं. ती देवाला म्हणत होती, सगळा माल घे, दुकान घे, हात घे माझा.

प्रेमिला मोहाच्या बुंध्याला पाठ लावून बसली होती. टोपली कलंडली होती, फुलं पायांवर सांडली होती. एका हातात बोंबल्या आणि दुसऱ्या हातात त्याची पिन. डोळे सताड उघडे, नाल्यापलीकडच्या गवतावर लागलेले. तिच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. मिथुननं खांद्याला हात लावला तेव्हा कुठं तिनं पापणी हलवली.

नाल्याच्या ओल्या वाळूत पावलं होती. लहानूनं वाकून पाहिलं आणि काठी सरसावली. जनावर तिथं बराच वेळ बसलं होतं आणि आताच उठून गेलं होतं. प्रेमिलापासून वीस-पंचवीस पावलांवर.

प्रेमिलाचा आवाज संध्याकाळपर्यंत आला नाही. चहा पुढे केला तर ती पेल्याकडे पाहत राहायची. रंजीता तिच्या पायाशी बसून होती आणि तिला माफी मागायलाही तोंड नव्हतं. दिवेलागणीला प्रेमिला आपणहून बोलली. एकेक अक्षर काढत होती.

"वाकली होती मी. मान वर केली तं ते तिकडं बसून. मी पिन ओढली."

"आई, नका बोलू आता."

"पिन ओढली. मंग वाटलं, आता बोंबलायचं काम याचं. मी बसून राह्यली. हे आता बोंबलन, मंग बोंबलन. हाका आयकू आल्या तुमच्या, पन मले वाटलं, आता माहं काम संपलं." तिनं गळ्याला हात लावला. "माह्या गळ्यात आवाज होता वो रंजीता. तो काढायचा असते हेच आठवलं नाई."

रंजीता रडली. मिथुन उठून अंगणात गेला. त्याच रात्री तिनं आपल्या दुकानाच्या पानावरची ती अभिमानाची ओळ पुसली आणि तिथं लिहिलं, "सेल दर महिन्याला तपासा. पिन ओढा आणि ओरडासुद्धा." आतापर्यंत माल घेतलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तिनं तेच कळवलं. दोघातिघांनी उलट विचारलं, ओरडायचंच असेल तर तुमची वस्तू कशाला घ्यायची? सिंदेवाहीच्या घड्याळवाल्याकडून बटणसेल आणून तिनं चौदाही बोंबल्यांत स्वतः बसवले आणि घरोघरी जाऊन सांगितलं, की हे सोलरचं नाही, हे मरतं. रुखमाबाई म्हणाली, "तेच तं म्या इचारलं होतं." धंदा तिनं बंद केला नाही. दुसरी खोकी मागवली आहेत आणि ती पुन्हा बंदरात अडकली आहेत, पण त्या भीतीनं आता तिचं जेवण सुटत नाही.

नवव्या दिवशी प्रेमिलानं टोपली उचलली. मोह गळत होता, घरात किती दिवस बसणार? मिथुन नको म्हणाला, तिनं ऐकलं नाही. तेव्हा रंजीताही दुसरी टोपली घेऊन निघाली. नाल्याकाठचं झाड तिनं स्वतःकडे घेतलं आणि सासूला घरचंच आतल्या बाजूचं दुसरं दिलं. दोघींच्या मधे पन्नास पावलं आणि धामणाची दोन-चार झाडं. प्रेमिला वाकली की दिसेनाशी होते.

आता रोज पहाटे रंजीता तिथं असते. वीसेक फुलं वेचली की सरळ उभी राहते, पोटातून हाळी देते आणि मोजायला लागते. हर्षा, नंदिनी, लहानूची बायको, दोघी बहिणी, लहानूची वहिनी. प्रेमिलाचा आवाज सगळ्यात शेवटी येतो, चिरलेला, उशिरानं, कधीकधी इतक्या उशिरानं की रंजीता टोपली टाकून तिच्या झाडाकडे चालायला लागते. तो येईपर्यंत ती पुढचं फूल उचलायला वाकत नाही.